गवंडी पाहिजेत

१६ जानेवारी १९८६
आखातातून टेलेक्स आला — मेंढ्या राखायला चार माणसं पाठवा, पासपोर्ट मालकाकडे राहतील. रतनशेठ म्हणाले, "मराठी कागदावर गवंडी टाईप कर. अरबी कागद वाचतंय कोण?" केलं टाईप. अंधेरीत दुसरी नोकरी काय रस्त्यावर पडलीय!

त्या कागदावर जोगेश्वरीच्या सहदेवने सही केली. गिरणी बंद पडल्यावर गवंडीकाम शिकला म्हणे. बायको शकु बरोबर होती. "ह्येंच्या हातची भिंत कधी वाकडी जावची नाय, बाय," असं मलाच सांगत होती.

२ एप्रिल
शकु सहदेवचं पत्र घेऊन ऑफिसात आली. तिला वाचता येत नाही. चाळीत कुणाकडून वाचून घेतलं तर सगळ्यांच्या तोंडी होतं, म्हणून माझ्याकडे!

लिहिलंय — इथे भिंत नाही, घर नाही, नुसती मेंढरं. पासपोर्ट काढून घेतला. ऑफिसात सांग, मला परत आणा.

मी वाचलं — काम बरं आहे, जेवण मिळतं, काळजी करू नको. शकु हसली. पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.

३ एप्रिल
रतनशेठना विचारलं. "आपण फक्त पाठवतो. तिकडचं तिकडे."

६ एप्रिल, रविवार
शाळेत गुलामांच्या व्यापाराचा धडा होता. आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबायची आणि समुद्रापार नेऊन विकायची. ऐकताना मी रडले होते. आज डाळ निवडताना एकदम मनात आलं — त्या व्यापाऱ्यांच्या बंदरात कचेऱ्याही असणारच ना? कुणीतरी माणसांच्या याद्या लिहिल्या असणार, अगदी सुवाच्य अक्षरात. मग घरी जाऊन जेवलाही असणार.

मी जेवले नाही. त्याने सहदेवला काय फरक पडतो!

११ जून
दुसरं पत्र. मालकाने सहदेवला दुसऱ्याला विकलं. 'विकलं' — हाच शब्द लिहिलाय त्याने! मी वाचलं, नवा मालक चांगला आहे.

निघताना शकु म्हणाली, "बाय, माका शिकव गो. ह्येंका माझ्या हातान लिवचा हा." दुपारच्या सुट्टीत बाजारातून पाटी आणि अंकलिपी आणून दिली. किती दिवसांनी जरा हलकं वाटलं.

२२ जुलै
जिन्यात बसून शिकवते. भलती हुशार आहे! आज 'सहदेव' लिहिलं आणि पुसायलाच तयार नाही.

१८ सप्टेंबर
शकुला जोडाक्षरं येऊ लागली. सहदेवचं पत्र तीन महिने नाही. आज आणखी नऊ गवंडी टाईप केले. सहीसाठी रतनशेठच्या टेबलावर नेऊन ठेवले.

२६ सप्टेंबर
शकु आली. नवं पत्र नव्हतंच. तिने जुनी दोन्ही माझ्या टेबलावर उलगडली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत. सगळं ऑफिस ऐकत होतं.

मग म्हणाली, "बाय, ह्या तू वाचूक नाय."