ऑकलंड ते मुंबई, न थांबता

ऑकलंड, १२ जानेवारी २०२५

प्रिय अरशदभाय यास,
अलिझाचा सलाम. वि. वि.

परत आल्यापासून फोन करते, तो भाबीच उचलते. म्हणून लिहितेय.

अम्मीला तू ‘पहाटे फजरला अलिझा पोचेल’ असं का सांगितलंस? संध्याकाळी मगरीबला पोचून तिच्या कबरीची ओली माती हातात घेतली, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. शेजारची सगुणामावशी म्हणाली, म्हातारी रात्रभर दाराकडे कान लावून होती. आणि मी सिंगापूरला बाकड्यावर बसून दुसऱ्या विमानाची वाट बघत होते! ती माझी वाट बघत गेली, हे मला सोसत नाही रे. राग आलाय, खोटं कशाला बोलू?

औषध वेळेवर घे.

रागावली तरी तुझीच,
अलिझा


मिरकरवाडा, रत्नागिरी, ३ फेब्रुवारी २०२५

लाडक्या अलिझास,
हफीजाभाबीची दुआ. पत्र पोचलं.

तुझा भाऊ ते हातात घेऊन ओटीवर बसतो, लिहीत काही नाही. म्हणून मीच बसले.

तू निघाल्याचा फोन आला, तसं ह्यांनी मोबाईलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर काढलं, विमानाच्या वेगानं भागलं, वर रत्नागिरीचा रस्ता मिळवला, तर फजरची वेळ आली. बोट वेरावळला न्यायची तर असाच हिशोब करतात. बोट सुटली की बंदर येईपर्यंत थांबत नाही. मध्ये उतरून बसून राहावं लागतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जन्म दर्यावर गेला, विमानात कधी बसलेत ते?

फजर झाली. अम्मीला तोवर दिसेनासं झालं होतं. तिनं विचारलं, आली का? हे म्हणाले, “आली. ओटीवर चपला काढतेय.” आणि माझ्याकडे बघितलं. तापाच्या पट्ट्यांसाठी जेटीवरून बर्फ आणला होता, माझे हात त्याच पाण्यात. तसाच ओला हात मी तिच्या हातात दिला. तिनं तो चोळला, म्हणाली, “विमानात किती गारठलीस गं.” मग हात धरूनच गेली.

तुझी जागा मी घेतली, माफ कर बाय. हे तेव्हापासून बोटीवर गेलेले नाहीत. बोट चालवणारा तांडेल निघायची वेळ विचारायला येतो, तर म्हणतात, मला हिशोब विचारू नका.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाबी,
हफीजा


ऑकलंड, २६ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाय,
सलाम. वि. वि.

भाबीचं पत्र वाचून पोटभर रडले. मला वाटायचं, अम्मी वाट बघत गेली. ती तर मला भेटून गेली. भाबीला सांग, माफी कसली मागतेस वेडे? मी आले की आधी तुझा तो हात धरून बसणार आहे.

तुझ्या हिशोबात एक थांबा राहिला, बाकी काही चुकलं नाही. आता बोट काढ. किती वाजता बंदराला लागशील ते निघताना मला कळव. उशीर झाला तरी मी वाट बघेन, रागावणार नाही.

ओटीवर चपला काढून आत आलेली,
तुझी अलिझा