पांढऱ्या रंगाबद्दल

२२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. पहिल्या ओळीत सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो की ठीक आहे. मी फोन केला की वहिनी उचलते आणि "ते झोपलेत" म्हणते. सकाळी अकरा वाजता. गेली तीन वर्षं तू झोपलेलाच आहेस, चैन आहे बुवा तुझी.

तर तू आजोबा झालास. तुझ्या पुतणीला गेल्या महिन्यात मुलगी झाली, तीही दहा आठवडे आधी. ही घाई आपल्या घराण्यातली नव्हे. आपण दोघा रंगाऱ्यांनी कबूल केलेल्या दिवशी कुठे शिडीसुद्धा पोचवली नाही. पोर जन्मली तेव्हा जेमतेम बाराशे ग्रॅम, पुट्टीच्या डब्याहून हलकी. काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी. फुप्फुसं कच्ची होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन येतात. सारखे एक्स-रे काढायला नकोत म्हणून. जेल आधी कोमट करतात, मग पोरीच्या छातीवर सहा ठिकाणी बघतात आणि प्रत्येक जागेला मार्क देतात. पहिल्या दिवशी मी मागे उभा राहून पाहिलं. पडद्यावर सगळं पांढरंशुभ्र, एक डाग नाही. बत्तीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाला आणखी काय हवं? वर मार्क अठरापैकी पंधरा. आपल्या घरात एवढे मार्क आजवर कुणी पाहिलेत? मी व्हरांड्यात जाऊन नऊ जणांना फोन केले, फुप्फुसं पहिल्या वर्गात पास म्हणून.

परत आलो तर लेक रडत होती.

"अगं, रडतेस काय? सगळं पांढरं आहे."

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पांढरं म्हणजे ओल. हवा भरली की काळं दिसतं, त्यात आडव्या रेघा. आणि मार्क जितके कमी तितकं चांगलं."

 पेटीला धरून उभा राहिलो तर नर्स ओरडली. मी विचारलं, "मग आता काय मारायचं त्यावर?"

"काही मारायचं नाही. औषध दिलंय. आता बघत राहायचं आणि सुकू द्यायचं."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, दादा. कुणाकडून ते तुला माहीत आहे.

नऊ जणांना उलटे फोन करण्यात दोन दिवस गेले. मावशीला अजून पटलेलं नाही, ती पेढे मागते. मार्क मात्र उतरत गेले. बारा झाले, मध्येच परत तेरा, त्या दिवशी कुणी जेवलं नाही. मग आठ. काल तीन. पडदा काळा झाला आणि मी जन्मात पहिल्यांदा काळ्या रंगावर खूश झालो. तीन आठवड्यांत घरी सोडतील.

आता त्याचंच सांगतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळाच्या खोलीत ओल, बुरशी नाही ना? मी छाती काढून म्हणालो, "बाई, मी रंगारी आहे." लेकीने कपाळावर हात मारला.

बाळाची खोली म्हणजे आपली मागची खोली, दादा. तीच भिंत. तू म्हणालास पंधरा दिवस सुकू दे, आणि मी दुसऱ्या दिवशी पांढरा मारून मोकळा. वर चारचौघांत म्हणालो की तू म्हातारा झालास, तुला नुसतं थांबता येतं. तू ब्रश धुऊन ठेवलास आणि गेलास. महिन्यात पोपडे आले. मी पुढे कपाट लावलं. लोकांना सांगतो, तिथे उजेड चांगला आहे.

काल कपाट सरकवलं. बुरशी माझ्या खांद्यापर्यंत आली आहे. खरवडून काढली, पण ओल येते कुठून ते मला समजत नाही. तू तळहात लावून सांगायचास.

तीन आठवड्यांतले पंधरा दिवस सुकायला धरले तर तुझा राग जायला सहाच दिवस उरतात, त्यातले दोन टपालाचे. वहिनीला म्हणावं, उठव आता त्याला. तू सांगेपर्यंत मी ब्रशला हात लावणार नाही.

भिंत ओली होती, दादा. मी चुकलो.

तुझा,
धाकटा