सोळा आणि तीन

३ मार्च

मास्तरांनी हात दाबला म्हणे! सासूबाई दोन जिने उतरून धापा टाकत दवाखान्यातल्या माझ्या कान तपासायच्या खोलीत आल्या. बाहेर पेशंट बसलेले, त्यांचंही भान नाही. "अगं, मी देवाचं नाव घेतलं आणि त्यानं माझा हात दाबला. दोनदा!"

मी विचारलं, आणि नाव न घेता किती वेळा?

माझ्याकडे असं बघितलं, की जणू शिडी मीच हलवली होती.

शाळेच्या हॉलमध्ये मुलांची चित्रं टांगताना नवरा शिडीवरून पडला, त्याला आज अकरा आठवडे झाले; तेव्हापासून इथेच, दोन मजले वर. डोक्याला मार. डोळे उघडतात, मिटतात, श्वास आपला आपण घेतात. बाकी काही नाही. चित्रकला शिकवायचे म्हणून सगळे मास्तर म्हणतात. लग्नानंतर चिडवायला म्हणून मीही म्हणायला लागले, ते तसंच राहिलं.

४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत वर गेले. हात हातात घेऊन तासभर बसले. काही नाही. एकदा अंगठा हलला, पण तेव्हा माझ्या डोक्यात घरातला संपलेला गॅस होता. देव नव्हता.

६ मार्च

आज नऊ जणांचे कान तपासले. काचेच्या बंद खोलीत ते, बाहेर यंत्रापाशी मी. आवाज आला की बटण दाबायचं, बस. एकोणीस वर्षं हेच करतेय. आणि लोक आवाज नसतानाही बटण दाबतात! खोटारडे नसतात बिचारे. ऐकायचं इतकं असतं, की ऐकू येतं. म्हणून मी मध्येच मुद्दाम काही वाजवत नाही, नुसती बघत राहते.

आईबापांचं तर विचारूच नका — "हाक मारली की वळते हो आमची." अहो, हाक मारताना तुम्ही समोर उभे असता म्हणून वळते. हे मी किती गोड आवाजात सांगते! तो गोड आवाज समोरच्याला कसा झोंबत असेल, ते आता कळतंय. मला कुणी वरच्या मजल्यावर असं गोड बोलायला लागलं की उठून निघून जावंसं वाटतं.

१० मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. चोवीसला बैठक आहे. ज्यांच्यात काही प्रतिसाद दिसतो ते पेशंट इथेच राहणार — रोजचा व्यायाम, उपचार, सगळं. ज्यांच्यात दिसत नाही त्यांना शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवायचं. ते मी पाहिलंय. चाळीस खाटा आणि दोन बायका. अंग पुसतात, नळीनं जेवण देतात, कूस बदलतात. तिथून कुणी आपल्या पायांनी बाहेर आल्याचं ऐकिवात नाही.

मी सासूबाईंचं सांगून टाकलं. सांगताना मान वर होत नव्हती. ते हसले नाहीत, भला माणूस. म्हणाले, "देवाचं नाव असो नाहीतर दाराची बेल. कुठल्याही एका आवाजाला ते नेमानं हात दाबत असतील तर मला पुरे. पण मोजून आणा. तुम्हाला मोजता येतं."

येतं. तेवढंच येतं मला.

१२ मार्च

सासूबाईंना पद्धत समजावली. मास्तरांच्या मुठीत ब्लडप्रेशरच्या मशीनचा रबरी फुगा ठेवायचा. मूठ आवळली की काटा हलणार, तो मी बघणार. एकूण चाळीस वेळा. वीस वेळा कानात देवाचं नाव, वीस वेळा नुसतं गप्प बसायचं. कधी काय, ते नाणं उडवून.

"म्हणजे तू देवाची परीक्षा घेणार?"

"देवाची नाही आई, मास्तरांची."

"मग त्याचीच घे. देवाला मध्ये कशाला ओढतेस?" पण तयार झाल्या. मुलासाठी झाल्या. जाता जाता ऐकवलंच — "कागद तुला लागतो हो. मला नाही लागत."

१३ मार्च

नाव घेतल्यावर सहा. गप्प बसल्यावर सात.

१४ मार्च

परत केलं. पाच आणि पाच.

सासूबाई दर वेळी विचारतात, "हलला ना गं काटा?" हलला, आई, हलला. हलतोच तो. आपण नाव घेतलं तरी हलतो, नाही घेतलं तरी हलतो, खोलीत कुणी नसलं तरी हलत असेल. आकडे काही त्यांना सांगितले नाहीत. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडला आणि रडले. बादली भरून वाहायला लागली तरी रडत होते.

१७ मार्च

यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरी माणसानं बटण दाबलं नाही, तर आम्ही तक्त्यावर खाली तोंड केलेला बाण काढतो. तो बाण म्हणजे 'बहिरा' नव्हे. तो एवढंच सांगतो, की माझं यंत्र इथे संपलं, पुढचं मला ठाऊक नाही. शिकत होते तेव्हा सरांनी दहादा बजावलं होतं — "बाण म्हणजे नाही नव्हे!"

आज एका आजोबांच्या तक्त्यावर बाण काढला आणि पेन तिथेच थांबलं. मास्तरांना काही कळत नाही, असं कुठे सिद्ध केलंय मी? माझा फुगा तोकडा पडला, इतकंच. आणि देवाचंही असंच असेल तर? सासूबाई म्हणतील, मग इतकी वर्षं मी वेगळं काय सांगत होते!

पण बाण दाखवून खाट मिळत नाही.

देवा, असलास तर — नसलास तर मग कुणाला सांगू — विसात सोळा वेळा दाबू दे त्यांना. फक्त सोळा. सगळे मागत नाही. पाया पडते तुझ्या.

हे मी लिहिलंय. माझंच अक्षर आहे.

१९ मार्च

तिसऱ्यांदा. सात आणि आठ. गप्प बसल्यावर आठ!

२१ मार्च

नवा कागद केला. देवाचं नाव — सोळा. गप्प — तीन.

वीसच्या वीस नाही लिहिले. खरा माणूस वीस कधी देत नाही. चुका शेवटी शेवटी घातल्या, कारण माणूस दमतो. एका ठिकाणी खाडाखोडही केली. खोटं खरं कसं दिसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! लिहिताना एकदाही अडखळले नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

२४ मार्च

खाट राहिली! तीन महिने! तीन!!

मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "मी स्वतः एकदा मोजणार होतो. पण तुम्ही मोजलंय म्हटल्यावर गरज नाही." मी धन्यवादसुद्धा म्हणाले.

सासूबाईंनी कागदाची झेरॉक्स मागितली. दिली. काय सांगून नाही म्हणणार होते?

२७ मार्च

सासूबाई आज प्रार्थनेला बसल्या नाहीत. रोज पाचला बसतात, अंगात ताप असला तरी. आज निवांत शेंगा सोलत होत्या. विचारलं तर म्हणतात कशा, "आता सारखं सारखं कशाला मागू? कागदावर आलंय की." आणि मग म्हणाल्या, ते जसंच्या तसं लिहून ठेवते — "साठ वर्षं डोळे मिटून बसले गं मी. कुणी एकदासुद्धा लिहून दिलं नव्हतं. तू दिलंस."

म्हणजे कागद त्यांनाही हवाच होता. इतकी वर्षं हवा होता आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत. आणि मिळाला तोही कसला! मला त्यांच्याकडे बघवेना. शेंगांची सालं गोळा करून आत गेले.

२ एप्रिल

सासूबाईंची झेरॉक्स दवाखान्यातल्या बाकांवर फिरतेय. आता लोक मलाच विचारतात — ताई, उजव्या कानात की डाव्या? एकदाच म्हणायचं की घोकायचं? मी घाई आहे म्हणून सटकते.

४ एप्रिल

शिवणवाल्या बाई आल्या होत्या, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मीच तीनदा तपासलंय. कानाला मशीन लावलं तर येईल. पुढच्या आठवड्यात लावायचंच होतं.

"मशीन सध्या राहू दे ताई. आम्ही वर्षभर तुमचाच उपाय करणार. देवाचं नाव कानात. तुमच्याकडे सोळा आले ना!"

वर्षभर! बोलायला शिकायचं हेच तर वय. गेलेलं वर्ष पुढे कितीही मशीनं लावली तरी भरून निघत नाही. घसा फोडून हेच सांगत आलेय मी सगळ्यांना.

म्हटलं, तो कागद खोटा आहे. मी घरी बसून बनवला.

हसल्या. "तुम्हा शिकलेल्या लोकांना देवाला श्रेय द्यायचं जिवावर येतं, बघा."

पुन्हा सांगितलं. शप्पथ घेऊन सांगितलं — आणि घेतली कुणाची? देवाची! त्या म्हणाल्या, "खोटा असता तर मोठ्या डॉक्टरांनी खाट दिली असती का?"

पोरगी माझ्या टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत होती.

७ एप्रिल

व्यायाम म्हणून मास्तरांना फळीला बांधून उभं करतात हल्ली. आज पाहिलं. अकरा मिनिटं उभे होते. इतक्या दिवसांनी त्यांची उंची आठवली. डोळे माझ्याकडे होते असं वाटलं. वाटलं. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही.

ती पोरगी परकी आहे. नवरा माझा आहे. मला एकच आहे! मी का म्हणून —

८ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं. सगळं. सहा-सात, पाच-पाच, सात-आठ. आणि त्या पोरीचंही.

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "आणि त्यानं पहिल्यांदा दाबला, तो?"

"तो मी मोजला नव्हता, आई."

"मग तो माझ्याकडे राहू दे."

पाच वाजून गेले होते. उठल्या, तोंड धुतलं, आपल्या जागेवर जाऊन बसल्या. डोळे मिटायच्या आधी विचारलं, "डॉक्टरांकडे कधी जातेस?"

"आई, खाट जाईल."

"ते कळलं मला. कधी जातेस?"

९ एप्रिल

तिन्ही खरे कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. ते चष्मा काढून नुसता पुसत राहिले. ओरडले असते तर मीही काही बोलले असते. परवा मास्तरांना हलवणार. माझाही कामाचा परवा शेवटचा दिवस.

११ एप्रिल

गाडी नऊला गेली. मास्तरांच्या शेजारी सासूबाई बसल्या. मला कामावर थांबावं लागलं.

अकराला शिवणवाल्या बाई आल्या, मी निरोप पाठवला होता. आधी वर जाऊन रिकामी खाट आपल्या डोळ्यांनी बघून आल्या. मग मुलीला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "लावा मशीन."