सेफ्टी स्टॉक

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
रितिकानं पुण्याहून येताना बोर्ड गेम आणला. दोघांनी खेळायचा. आपापली शेतं, मेंढ्या, जंगल. गहू, लोकर, लाकूड गोळा करायचं, त्याचा पाव, कापड, फर्निचर काढायचं. ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. रिटायर झाल्यापासून बाबा घरात नुसते फिरतात म्हणे. हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी. आता मुलगी मला मटेरियल मॅनेजमेंट शिकवणार!

दुपारी माझा मेहुणा, नीलाचा भाऊ अनंत, उमरेडहून आला. ओवाळून झाल्यावर म्हणाला, घर नवीन बांधतोय, आईचा हातमाग ठेवायला जागा नाही, ताईनं नेला तर ठीक, नाहीतर मोडीत. नीला रडली. मग डोळे पुसून म्हणाली, माग आमच्या स्टोअर-रूममध्ये मावतो. बाईनं खोली मोजून ठेवली होती!

स्टोअर-रूम माझी आहे. तीन पंखे (एकाला पाती नाहीत), कूलरच्या दोन टाक्या, सत्तावीस खोकी, एक पेटी. सगळं कामात येतं.

४ नोव्हेंबर
तोडगा मीच काढला. अनंत २४ तारखेला टेम्पो आणणार. तोवर मी नीलाविरुद्ध एक डाव जरी जिंकलो तरी खोली माझी. फक्त एक! तिच्यावर अन्यायच आहे. रितिकानं निघताना विचारलं, बाबा, नक्की ना? पोरीला बापाची किंमत नाही.

५ नोव्हेंबर
हरलो. मी ३१, ती ५८. नियम इंग्रजीत होते. मीच वाचून दाखवले, पण वाचणाऱ्याचं लक्ष वाचण्यात जातं. शेवटी माझ्याकडे नऊ गहू, सात लोकर, अकरा लाकूड शिल्लक. तिच्याकडे काही नाही. कंगाल. तरी ती जिंकली, कारण शिल्लक कच्च्या मालाला शून्य पॉइंट. ज्यानं हा नियम लिहिला त्यानं आयुष्यात स्टोअर पाहिलेलं नाही.

८ नोव्हेंबर
आणखी दोन डाव. दोन्ही गेले. नीला लोकर आली की कापड करते, हातात एक नग ठेवत नाही. मी सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा माल, समजावला. एकदा सगळ्या कारखान्यातली बेअरिंगं संपली होती तेव्हा ती फक्त माझ्या कपाटात निघाली, हेही सांगितलं. म्हणाली, सूत कपाटात ठेवलं त कसर खाते जी, मागावर चढलं त लुगडं होते. माहेर कोष्ट्यांचं. लहानपणापासून हेच ऐकलेलं. शास्त्रीय दृष्टी नाही.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
पाचवा डाव हरलो. माझ्या खुर्चीवर ऊन येतं. शिवाय शेजारच्या कुसुमताई बघायला बसल्या होत्या. त्या नीलाला म्हणाल्या, काहून वं, भाऊजीले एखांदा डाव देऊन टाक नं! नीला म्हणाली, डाव देईन, पण खोली नाही देणार. माझ्यासमोर!
उद्यापासून खुर्ची बदलणार.

१३ नोव्हेंबर
खुर्ची बदलली. हरलो.

१५ नोव्हेंबर, सकाळी ११
नीला संत्री आणायला बाजारात गेली. प्रॅक्टिस म्हणून एकट्यानंच दोन्ही बाजूंनी खेळलो. नीला जिंकली.

१९ नोव्हेंबर
आता शिस्त. कारखान्यात होती तशी. माल काढण्याआधी स्वतःच इश्यू स्लिप भरायची, कारण लिहायचं, सही करायची. स्लिपा टापटीप झाल्या. पण जुनी सवय जात नाही. मागणी चार नग, मंजूर दोन. मागितले मीच, कापलेही मीच. दहावा डाव गेला. नीलाला हसू आवरेना. मी जेवलो नाही. (नंतर जेवलो. भरीत होतं.)

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी
शेवटचा डाव. ठराव केला होता: सगळा माल वापरायचा, काही शिल्लक ठेवायचं नाही. पाळला. जवळजवळ पूर्ण पाळला. शेवटच्या खेळीला चार पॉइंटांनी मागे होतो. हातात तीन लोकर. तीन लोकरींचं एक कापड, कापडाचे सहा पॉइंट. म्हणजे दोन पॉइंटांनी जिंकलो असतो. खोली माझी.
दोन ठेवल्या बोर्डावर. तिसरी सुटेना. हात उचललाच गेला नाही.
नीला थांबली होती. तिसरीचं काय करून राहिले जी, असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, असू दे, कामात येईल.
हरलो. राग इतका आला की डब्याचं झाकण आपटलं. तिच्यावर नाही आला. कोणावर आला ते लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर
खोली मीच स्वेच्छेनं दिली, असं अनंतला सांगितलं. तो टेम्पोचे दोर सोडत होता, त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही.
खोली रिकामी करताना पेटी उघडली. सासूबाईंचं उपरणं निघालं. लग्नात मला दिलेलं, त्यांनी स्वतः विणलेलं, ज्या मागाची लाकडं अंगणात उतरत होती त्याच मागावर. चांगल्या प्रसंगी वापरू म्हणून ठेवलं. रितिकाच्या बारशाला वाटलं, एवढं भारी नको. रिटायरमेंटच्या निरोपाला वाटलं, घाम लागेल. एकतीस वर्षं. उलगडलं तर चाळणी. कसरीनं एक काठ तेवढा सोडला होता.
नीलानं ते माझ्या हातून घेतलं. उरलेला काठ बोटांनी सरळ केला. बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. सासूबाई विचारायच्या, जावईबापू, उपरणं घालता ना? मी दरवेळी हो म्हणायचो.

२२ डिसेंबर, रविवार
थंडी आहे. नीलाच्या मागावरचा पहिला नग तयार झाला. पंचा. माझ्यासाठी. काठाचा नमुना उपरण्याच्या उरलेल्या काठावरून उचलला आहे. मी नीट घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. तिनं काढून बाथरूममध्ये टांगला आणि म्हणाली, फाटला त अजून विणून देईन, पण आज वापरायचा.
वापरला. मऊ आहे. नीला दारातून बघत होती, म्हणून दोनदा पुसलं अंग.
जुना पंचा तिनं फेकायला दिला होता. पाच ठिकाणी फाटला आहे. धुवून पलंगाखाली ठेवला. कामात येईल.