सातव्या प्रकरणातली उडी

तीर्थरूप काकूंना,

साष्टांग नमस्कार. (डाव्या घोट्याला पट्टी असल्यामुळे आठही अंगं तूर्त टेकत नाहीत. जेवढी टेकतात तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघता? कानांबद्दल मात्र मी विचारणार नाही. फोनवर तुम्हाला माझं हवापाणी, माझा पित्ताचा त्रास, आमच्या शेजाऱ्यांचं भांडण, सगळं लख्ख ऐकू येतं आणि मी ‘सिनेमा’ म्हटलं की तेवढ्यात लाइन खराब होते. गेल्या महिन्यात ती चार वेळा खराब झाली. (मी रोजनिशीत तारखा लिहून ठेवल्या आहेत, आरोप म्हणून नव्हे, सवय म्हणून.) म्हणून हे पत्र. पत्राला ‘हॅलो, हॅलो’ करून खाली ठेवता येत नाही.

मुद्दा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, तरी पहिल्यापासून मांडतो. मी इमारतींचे नकाशे तपासतो आणि आमच्या कचेरीत पहिला कागद लावल्याशिवाय दुसरा लागत नाही. तर, काकांनी ‘पाहुणा’ या हेराच्या बावीस कादंबऱ्या लिहिल्या. हा हेर कुणाच्याही घरी पाहुणा म्हणून शिरतो, चहा घेतो, गुपित घेऊन निघतो आणि निघताना यजमानांना ‘बसा, बसा, मी जातो’ म्हणतो. काका गेल्यावर तुमच्या परवानगीने मी पुढच्या तीन लिहिल्या. आता एका चित्रपट कंपनीला त्यांतली तिसरी हवी आहे. काकांची एकही नाही, माझी तिसरी. हक्क तुमच्याकडे आहेत, तुमची सही महिनाअखेरपर्यंत पोचली नाही तर त्यांचा दिग्दर्शक दुसऱ्या कामाला लागणार. आणि तुम्ही पोस्टकार्डावर दोनच वाक्यं लिहून पाठवलीत: ‘माणूस गेल्यावर त्याच्या नावावर पुढे लिहिलेल्या पुस्तकांचे सिनेमे करावेत का, हे मला पटवून दे. आणि सातव्या प्रकरणातली उडी कुणी मारून पाहिली ते कळव, मग सहीचं बघू.’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर मी अगदी खात्रीने देऊ शकतो. (खात्री होऊन आज सहा दिवस झाले, त्याआधी मी अकरा दिवस विरुद्ध मताचा होतो.)

करावेत. का ते सांगतो. निर्मात्या बाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना हाच प्रश्न स्पष्ट विचारला, की बाई, मूळ बावीस असताना तुम्ही मागून जोडलेल्या पुस्तकावर का आलात? त्या म्हणाल्या, मूळ पुस्तकं त्यांनी सगळी वाचली आहेत, लहानपणी पांघरुणात वाचली आहेत. पण त्या बावीसपैकी सतरा कथा फोन लागत नाही म्हणून घडतात. फोन लागला असता तर पाहुणा तिसऱ्या पानावर घरी परतला असता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन, मग काय करायचं? त्यावर मी काकांच्या बाजूने बराच वेळ बोललो. म्हटलं, फोन खिशात असूनही माणसं उचलत नाहीत, माझ्याकडे घरचं उदाहरण आहे. (नाव घेतलं नाही.) पण त्यांचं खोटं नव्हतं. काकांचा पाहुणा चाळिशीत अडकला; तो पुढे म्हातारा व्हायचा तर कुणीतरी व्हायला दिलं पाहिजे. माझ्या तिसऱ्या पुस्तकात त्याला जिना चढताना धाप लागते, चष्मा विसरतो आणि तरी गुपित घेऊन निघतो. वारस घर सांभाळतो म्हणजे काय करतो? खिडक्यांना नवे पडदे लावतोच ना? मग लोक म्हणणारच, मूळ मालकांची निवड वेगळी होती. म्हणू देत.

आता तुमच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर रात्री मला रोजनिशीला तोंड दाखवता येणार नाही. पुस्तक गुपचूप जोडता येतं. ज्याला हवं तो वाचतो, ज्याला नको तो बाविसाव्यावर थांबतो. सिनेमाचं तसं नाही. भिंतीवर वीस फुटांचा पाहुणा लागला की सगळ्या गावाला तोच खरा. पंचविसावा पाहुणा पहिल्या बावीसांच्या डोक्यावर बसतो. हे मला टोचतं. दुसरं त्याहून टोचतं: मला हा सिनेमा पाहुण्यासाठी हवा आहे की पडद्यावर माझं नाव बघायला? प्रामाणिक उत्तर असं, की दोन्हीसाठी, आणि प्रमाण विचारू नका.

पण खरी अडचण निघाली ती काकांच्या नियमाची. ‘घरात झालं नाही ते पुस्तकात नाही.’ पाहुणा अकरा मिनिटं कपाटात लपला, तर काका अकरा मिनिटं कपाटात आणि तुम्ही बाहेर घड्याळ घेऊन. पाहुण्याने दातांनी दोरी सोडली, तर काका आठवडाभर पेज पीत होते. मला लिहायची परवानगी दिलीत तीही याच अटीवर, आणि मी ती पाळली. निर्मात्या बाई आणि दिग्दर्शकांना मी हे अभिमानाने सांगितलं. दिग्दर्शक हसले. मी म्हटलं, हसू नका, बसून बघा. भले माणूस, बसले कपाटात! चौथ्या मिनिटाला आतून विचारलं, ‘किती झाली?’ मी म्हटलं, चार. ते म्हणाले, ‘सिनेमात हे चाळीस सेकंदांत उरकणार आहे, काढा मला.’ बाहेर आल्यावर कोटाला लागलेल्या डांबरगोळ्यांच्या वासासकट त्यांनी मला समजावलं, की आमच्याकडे उडी कुणी मारत नाही, दोरी मारते, पडतो कुणीतरी तिसराच, उठतो नायक. मी हादरलो. मग विचार केला (हाच तो सहा दिवसांपूर्वीचा विचार), की त्यांच्याकडे काहीच खरं नसणार असेल, तर निदान ज्या पुस्तकावरून ते करतात ते तरी खरं असलंच पाहिजे. तळाची वीट पक्की, मग वर काय हवा तो मजला चढवा.

आणि इथेच माझी वीट पोकळ होती. काकू, दोन वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आता लिहितो. सातव्या प्रकरणात पाहुणा पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून, बायकोने दिलेला कोट हातात घेऊन, खालच्या दुकानाच्या कापडी छतावर उडी मारतो आणि घसरत रस्त्यावर येऊन चालू लागतो. ती उडी मी मारून पाहिली नव्हती. मोजून पाहिली होती. कागदावर, पट्टीने, कोनमापकासकट. प्रकाशकांना घाई होती, मला सर्दी होती. नियमाच्या वहीत प्रत्येक प्रसंगापुढे मी ‘झालं’ लिहितो. तिथे मी ‘होईल’ असं लिहिलं. आणि चित्रपटवाल्यांना अख्ख्या पुस्तकात सगळ्यात काय आवडावं? तीच उडी. बाई म्हणाल्या, ‘ही वाचताना कळतं, लिहिणाऱ्याने स्वतः मारलेली आहे.’ मी त्या दिवशी जेवलो नाही. (दुपारी. संध्याकाळी जेवलो.)

तुमचं कार्ड आलं आणि ठरलं. रविवारी सकाळी. आमचीही बाल्कनी पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्रीचं कापडी छत, सगळं पुस्तकातल्यासारखं. कारण पुस्तकात मी आमचीच बाल्कनी लिहिली होती. फीत घेऊन मोजलं तर कठड्यापासून छत नऊ फूट चार इंच खाली. आणि मोजता मोजता नको ते दिसलं: छत मंजूर नकाशापेक्षा दीड फूट पुढे आलं आहे! माझं कामच हे. कळवलं तर दीड फूट कापलं जाणार, कापलं तर उडी चुकणार. मी कचेरी आणि साहित्य यांच्यामध्ये अर्धा तास उभा होतो. शेवटी ठरवलं, की आधी उडी, मग नोटीस. (नोटीस अजून गेलेली नाही. ती जाईल. मसुदा तयार आहे.)

लाँड्रीवाल्यांची परवानगी घेणं भाग होतं. त्यांना म्हटलं, तुमच्या छतावर उडी मारायची आहे. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली.

‘का हो साहेब, घरात काही झालं का?’

‘नाही नाही, पुस्तकासाठी.’

‘मग पुस्तकातच मारा की!’

‘पुस्तकात मारून झाली. आता खरी मारायची आहे.’

‘तुमचं आपलं सगळं उलटंच,’ ते म्हणाले, ‘लोक आधी पडतात, मग सांगत बसतात.’ पण माणूस चांगला. त्यांनी कपड्यांची गाठोडी आत घेतली, फुटपाथवर आमच्या दोन गाद्या आणि त्यांची स्वतःची एक अंथरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘काही नाही, साहित्य चाललंय’ सांगत उभे राहिले.

उडी बरोबर सव्वानऊला झाली. हातात कोट होता. छत दीड वीत खाली गेलं, गोफणीसारखं वर आलं, मग उतारावरून घसरण, कडेच्या नळीला एक हात, आणि दोन्ही पाय गादीवर. वेळ चार सेकंद. कापडाला खरचटलंसुद्धा नाही. लाँड्रीवाले म्हणाले, ‘परत मारणार असाल तर आधी पोरांना बोलावतो.’ याच गडबडीत माझा डावा घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणतात दहा दिवस. पुस्तकात एक चूक मात्र सापडली. पाहुणा डोळे मिटून उडी मारतो असं मी लिहिलं आहे. डोळे उघडेच ठेवावे लागतात, नाहीतर नळी सापडत नाही. पुढच्या आवृत्तीत सुधारेन. वहीतलं ‘होईल’ मी खोडलं आणि ‘झालं’ लिहिलं, तारखेसकट.

तेव्हा काकू, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं झाली. पुढे लिहिलेल्या पुस्तकांचे सिनेमे व्हावेत, फक्त त्यांनी घरचा नियम पाळलेला असावा. आपण पाळला आहे. निर्णय अर्थातच सर्वस्वी तुमचा. मी एका शब्दाने भर घालणार नाही.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या

ता. क. संमतिपत्र सोबत जोडलं आहे. सह्या तीन ठिकाणी करायच्या आहेत, तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत. परतीच्या पाकिटावर पत्ता लिहून तिकीटही लावलं आहे. याला भर घालणं म्हणत नाहीत. ही सोय आहे.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र हिला वाचून दाखवलं. ऐकून ही एवढंच म्हणाली, ‘छान लिहिलंय. पण उडी मारली कुणी?’ मी पत्र पुन्हा तपासलं. उडी मी मारली असं मी कुठेही लिहिलेलं नाही, एकही वाक्य खोटं नाही. आणि तरी हे पत्र खोटं आहे. तर: मी कठड्याला धरून चाळीस मिनिटं उभा होतो. खाली गर्दी जमली, एकाने वेळही विचारली. मग हिने माझ्या हातातला कोट घेतला, म्हणाली, ‘सरका जरा,’ आणि गेली. मी बघायला जिन्याने धावलो, तेव्हा शेवटच्या दोन पायऱ्यांवर घोटा मुरगळला. तुम्ही ‘कुणी’ असं विचारलं होतं, आणि हे तुमच्यापासून दडवून घेतलेली सही मला पचणार नाही. आता तुम्ही ठरवाल ते. फुल्या पेन्सिलीच्याच आहेत, पुसता येतात.

तिसरा ता. क. (हा मी लिहिते आहे, तुमची सूनबाई. हे पट्टी बदलायला गेलेत.) काकू, नमस्कार. नियम घरात करून बघण्याचा आहे, कुणी करायचं ते त्यात नाही. काकांच्या वेळी कोण उड्या मारायचं, ते मी तुम्हाला विचारणार नाही. सही खुशाल करा. पण तीनही पुस्तकांत पाहुण्याची बायको दर वेळी बाल्कनीत त्याचा कोट धरून उभी असते, आणि त्याला कोट देऊन आत जाते. मला उडी मारताना कळलं, की ती आत जाणार नाही. सिनेमात उडी तिने मारायची, एवढी एक अट सहीच्या वर तुमच्या हाताने लिहा. मी सांगितलं तर हे अकरा दिवस विचार करतील. तुम्ही लिहिलंत तर करतील.