लुदिविनाचं गरगरणं

विगान, ४ फेब्रुवारी

चि. तेओफिला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी ही थोरली बहीण, तुझी मानांग, एकाहत्तराव्या वर्षी प्रेमात पडली आहे. हसून घे. पोस्टातून निवृत्त झालेले विधुर ग्रेगोरियो, मागणी घालणाऱ्याने जुन्या रीतीने करावी तशी, रोज येऊन माझी लाकडं फोडतात. माझ्याकडे गॅस आहे हे सांगायला जीभ रेटत नाही. त्यांनी कुऱ्हाड उचलली की माझं डोकं गरगरतं, कानांत घूं घूं होतं. प्रेमच ते. ईस्टरला होकार देणार.

रक्तदाबाची काळजी नको. भारी कंपनीची गोळी अठ्ठेचाळीस पेसोंना पडते, म्हणून एक दिवसाआड घेते.

अशीच जीव लावत राहा.
तुझी मानांग लुदिविना

बागियो, ९ फेब्रुवारी

ती. मानांग हिस सा. न.

आधी हसले, मग घाम फुटला. अगं, चाळीस वर्षं नर्स होते मी. हे प्रेम नाही, रक्तदाब आहे. आजच डॉक्टरांकडे जा. तीच गोळी जेनेरिक पाच पेसोंना मिळते. औषध तेच, खोका तेवढा साधा. रोज घे, आणि महिनाभर ग्रेगोरियोंना उत्तर देऊ नकोस. चक्कर येऊन होकार दिलेली बाई आपल्या घरात एक आहेच, ती हे पत्र लिहितेय.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी तेओफिला

विगान, १६ मार्च

चि. तेओफिला हिस आशीर्वाद.

पाच पेसोंत धड पाव येत नाही, रक्तदाब कसला उतरतोय, असं डॉक्टरीणबाईंना सुनावलं. त्यांनी तुझीच री ओढली. मुकाट्याने गिळू लागले. खरी भीती वेगळीच होती. गरगरण्याबरोबर प्रेमही गेलं तर?

रक्तदाब उतरला. परवा ग्रेगोरियोंनी कुऱ्हाड उचलली आणि मला काहीच झालं नाही. रडूच आलं बघ. मग पहिल्यांदाच नजर स्थिर ठेवून पाहिलं. लाकडं फार वाकडी फोडतात गं. चार घाव घालून कंबर धरतात, मी बघत नाही ना याची खात्री करतात. इतकी माया आली की तिथेच हो म्हणाले, अगदी शुद्धीत.

ते मटकन खाली बसले. आनंदाने म्हणावं, तर चेहरा लालबुंद. खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की त्यांचीही गोळी तीच, महाग पडते म्हणून आठ महिने बंद आहे. कालच डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. उद्या आम्ही दोघं पहिल्यांदाच जोडीने बाहेर पडतोय, औषधांच्या दुकानात.

लग्नाला लवकर ये, आणि असाच हक्काने दम देत जा.
तुझी मानांग