गार हवेचं नियोजन

३ मे, सकाळी
निघालो एकदाचे! गाडी फर्स्ट क्लास. मागे पलंग, मध्ये ओटा आणि लांब बाक, कोपऱ्यात संडास, छतावर एसी. चाकांवरचं घरच. निवृत्तीनंतर वर्षभर हिच्यातच फिरत राहायचं, हे माझं स्वप्न. बायकोची अट: आधी आठवडाभर राहून बघते, मग हो की नाही ते सांगते. बरोबर सासूबाई आणि मेहुणा. हरकत नाही. ऑफिसात मी प्लॅनिंगला होतो. माणसं पटवण्यात हयात गेली.

३ मे, दुपारी
उकाडा. छतात गार हवेच्या सहा जाळ्या, प्रत्येकीला उघडझाप करायची पट्टी. पट्ट्यांना कोणीही हात लावायचा नाही, असं जाहीर केलं. हवा हा मॅनेजमेंटचा विषय आहे. मेहुणा म्हणतो, भावोजी, सगळ्या उघड्या ठेवा की, सोपं. सोपं म्हणे! असल्या डोक्यामुळेच हा एका नोकरीत टिकला नाही.

४ मे
शी! सासूबाईंनी ओले मोजे माझ्या डोक्यावरच्या जाळीला अडकवले होते. झोपेत मोज्यांतून गाळलेली हवा खाल्ली. तोंडाला अजून चव आहे. बायको म्हणाली, वाळले तर खरं. वाळले, पण कुणाच्या नाकात?
दुपारी मेहुण्याने मासे तळले. पडदे, उशा, माझा शर्ट, सगळ्याला वास. हसत हसत विचारतो, एक घेणार का. घेतला. पण किळस ती किळसच.
संकल्प: जो वास करेल त्याची जाळी बंद.

५ मे
ओट्यावरची जाळी बंद. संडासातलीही बंद, तिथे मेहुणा पेपर घेऊन बसतो. पट्टी लावूनही हवा निसटते म्हणून वर पुठ्ठा आणि चिकटपट्टी. आता वाचलेली सगळी हवा मागच्या पलंगावर, म्हणजे माझ्याकडे. यात स्वार्थ नाही. चालक नीट झोपला तरच गाडी नीट चालते.
बाकावरून सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, इकडे वारा येत नाही हो. त्यांना समजावलं, की गार हवा जड असते, मागून वाहत वाहत आपोआप पुढे येते, फक्त धीर धरायचा. त्यांना पटलं असावं. मासिकाने वारा घेत राहिल्या.

६ मे
हवेचा जोर कमी वाटतो. कारखान्याचा दोष.
बायको म्हणाली, एसीच्या आत एक गाळणी असते, ती धुवायची असते, झाकणावरच लिहिलंय. झाकण उघडलं मात्र, नाक दाबून मागे सरलो. केस, धूळ, एक मेलेलं झुरळ आणि वर तेलाचा चिकट थर. केस माझे असणं शक्य नाही. माझ्याकडे देण्याइतके उरलेलेच नाहीत. झाकण परत लावून टाकलं. असली घाण मी निस्तरायची? हातमोजे मिळाले की बघू.
तूर्त जोर वाढवायला बाकावरच्या दोन्ही जाळ्यांना पुठ्ठा लावला. तोंड लहान केलं की फुंकर जोरात लागते, हे कोणालाही कळतं. इथे कोणाला कळत नाही.

७ मे, दुपारी
एसीत चक्क बर्फ जमलाय! सगळ्यांना हाका मारून दाखवला. ज्या एसीत बर्फ होतो तो काय ताकदीचा असेल! मेहुण्याने विचारलं, मग भावोजी, आपल्याला घाम का येतोय? जळतो मेला.

७ मे, संध्याकाळी
बर्फ वितळला. सगळा सासूबाईंच्या अंथरुणावर. काळं पाणी, केसांसकट. झुरळही त्यातच. शी शी शी! बाई किंचाळल्या, मग उलटी केली, तीही माझ्या चपलांवर. मला कोणी विचारलं का, तुम्हाला कसं वाटतंय?
बायकोने बॅग भरायला घेतली. विचारलं तर म्हणाली, माझ्याशी बोलू नका. वर्षभराचं स्वप्न हातचं जाणार.
पण मी डगमगणारा नाही. माणूस समोर नसला की त्याची किंमत कळते. आज समोरच्या लॉजवर झोपायला आलोय. इथली चादर कोणी तरी आधी वापरलेली दिसते. बेसिनला पिवळा थर. चालेल. तिकडे उकडून हैराण होतील आणि सकाळी मला बोलवायला येतील.

८ मे, सकाळी
कोणी आलं नाही. मीच गेलो.
दार उघडलं तर आत गारेगार! सगळ्या जाळ्या उघड्या, पुठ्ठे कचऱ्यात. मेहुण्याने गाळणी घासून लख्ख केलेली. सासूबाई शाल पांघरून घोरत होत्या. बायको चहा घेत होती, चेहरा हसरा. बॅग परत फळीवर. माझ्या मूळ नियोजनाचा परिणाम दिसायला जरा वेळ लागला, असं मी सांगितलं.
मग बायकोने आठवडा संपायच्या आतच निर्णय सांगितला. गाडी तिला मनापासून आवडली. वर्षभर राहायला ती तयार आहे. आई आणि भाऊसुद्धा.
डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो!
आज दुपारीच निघणार आहेत. गाडी मेहुणा चालवेल. लॉजवर माझ्या खोलीचं तिने बोलून ठेवलंय. परतीच्या वाटेवर मला घेऊन जाणार आहेत.